चढवू हो, पण उतरवणार कोण?

शिक्षक : घरसामान तर तुमच्याच पिकअपमधून चाललं आहे. कपाट, दिवाण, पुस्तकांची खोकी, शेगडी हे सगळं भरूनही हौद्यात मागच्या बाजूला जागा उरते. त्या जागेत माझी तीनचाकी स्कूटर चढवा, एवढंच मी म्हणतो आहे. जास्तीचं भाडं घ्या. आंतरजिल्हा बदलीचा आदेश हातात आहे, अमरावतीहून अकोल्याला हजर व्हायचं आहे, आणि शाळा सुरू झाली की घर ते शाळा मला याच गाडीनं जायचं आहे. दिव्यांग म्हणून एसटीत मला तिकिटावर 75 टक्के सवलत मिळते, पण गाडी काही एसटीत चढत नाही. रेल्वे पार्सलनं पाठवावी तर टाकी रिकामी करा, गोणपाटात बांधा आणि ती नेमकी कोणत्या गाडीनं येईल याची वाट पाहा. तोवर मी अकोला स्टेशनबाहेर हलायचं कसं? तुमच्या पिकअपमध्ये मी, सामान आणि गाडी एकाच वेळी एकाच दारात पोचतो. भाडं समोरून येत असताना तुम्ही काहून नाही म्हणता, तेच कळत नाही.

पिकअपवाला : नाही म्हणून राहिलो, कारण हे काम दिसते तितकं सोपं नाही. साधी दोनचाकी सांगा, आत्ता चढवतो. एक फळी लावली, एकानं हँडल धरलं, दोघांनी मागून रेटलं, झालं. तुमच्या गाडीचं तसं नाही. म्हणायला तीनचाकी, पण चाकं चार. पुढचं आणि मागचं मूळ चाक एका रेषेत, आणि बाजूला बसवलेल्या दोन चाकांच्या आणखी दोन रेषा. म्हणजे फळ्या तीन लागतात, त्याही एका जाडीच्या. त्यापेक्षा माझं ऐका, गाडी चालवत न्या. शंभर किलोमीटरच्या आतबाहेरचं तर अंतर. आणि रस्ता कोणता? लोणी ते माना या टप्प्यात जून 2022 मध्ये एका पट्ट्याच्या हिशेबानं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं, गिनेस बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, पंचवीस किलोमीटरच्या थोडा वर, त्याला दहा दिवस लागले होते. जगानं नाव घेतलं असा रस्ता दारातून जातो आणि तुम्ही त्याच्यावरून गाडी दुसऱ्या गाडीत घालून नेणार. पहाटे निघा, पस्तीस-चाळीसच्या वेगानं चाला, मूर्तिजापूरला चहा घ्या, उन्हं तापायच्या आत अकोल्यात. मी सामान घेऊन मागूनच येतो.

शिक्षक : तो विक्रम डांबर टाकण्याचा आहे, त्यावरून माझ्यासारख्यानं जाण्याचा नाही. रस्ता जितका चांगला, तितका त्यावरचा वेग जास्त. ट्रक, ट्रॅव्हल्स, मोटारी ऐंशी-शंभरनं जातात आणि मी चाळीसनं. म्हणजे मी कडेला. कडेला रस्ता बाहेरच्या बाजूनं उतरता असतो. दोनचाकीवाला नकळत अंग कलतं करून तो उतार सांभाळतो. माझी गाडी कलत नाही. बाजूची चाकं तिला उताराला समांतर धरून ठेवतात, आणि तीन तास मी एका अंगावर तोल सावरत बसतो. बाजूचं चाक पंक्चर झालं तर? जॅक कोण लावणार? माना आणि कुरुमच्या मधे उभा राहून हात करायचा आणि थांबणाऱ्याच्या भलेपणावर विसंबायचं. बदल्यांचा महिना म्हणजे मे. 2024 च्या मे महिन्यात उन्हापायी अकोला जिल्ह्यात कलम 144 लावावं लागलं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही पहाट म्हणता, पण पहाटे निघालेला माणूस पंक्चर झाला की दुपारी बारालाही रस्त्यावरच असतो. तुमच्या हौद्यात गाडी गेली, तर हे सगळं एका दोरानं बांधून टाकता येतं. मला रोजची गाडी म्हणून ती हवी आहे. हमरस्त्यावर पराक्रम करायला नको.

पिकअपवाला : दोरानं बांधता येते म्हणता, तर आधी चढवायचं ऐका. माझ्या हौद्याची फळी जमिनीपासून अडीच फूट वर. आठ फुटांची फळी लावली तर तीन फुटाला एक फूट चढ होतो. गाडी दीडशे किलोची धरली तर त्या चढावर जवळजवळ पन्नास किलोचा जोर तिला सतत मागं ओढते. रेटणाऱ्यानं श्वास घ्यायला हात सोडला की गाडी खाली. आता एंजिन लावून चढवायची म्हटलं, तं जोर कोणत्या चाकाला? फक्त मधल्या मागच्या. मधली फळी बाजूच्या फळ्यांपेक्षा जराशी लवली, की बाजूची चाकं वजन घेतात, मधलं चाक अधांतरी फिरत राहते, आणि गाडी अर्ध्या फळीवर अडकून बसते. ब्रेकचीही तीच गोष्ट. बाजूच्या चाकांना ब्रेकच नाही. बिनगेरची गाडी, म्हणून एंजिन बंद करून गेरात अडकवता येत नाही. क्लच सुटलेलाच असतो. वर पोचता पोचता आणखी एक घोळ. मागचं वजन फाळक्याशी आलं की पिकअपचा मागचा भाग दबतो, फळीचं जमिनीवरचं टोक मागं सरकते. फळी हुकानं फाळक्याला अडकवलेली नसली तर ती निसटते, आणि ती निसटते तेव्हा खाली कोणीतरी रेटत असतेच. तुम्हाला वाटते मी भाड्यासाठी भाव खाऊन राहिलो. मी हे काम होताना पाहिलं आहे, म्हणून बोलून राहिलो.

शिक्षक : हे सगळे अडथळे खरे आहेत, पण यातला एकही असा नाही ज्याला उपाय नाही. अडीच फूट चढायचे, ही अडचण पिकअप सपाट जमिनीवर उभी केली म्हणून आहे. वावराच्या बांधाला पाठ लावून पिकअप उभी करा, किंवा बाजार समितीतल्या ओट्याला लावा, चढ उरतच नाही. शेतकरी फवारणी पंप, मळणीयंत्र असंच चढवतात, त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. फळ्या एका जाडीच्या घ्या, फाळक्याला साखळीनं बांधा. हौदा पुरेसा रुंद आहे. माझी गाडी बाजूची चाकं धरून साधारण मीटरभर. बांधणीचं म्हणाल, तर चार कोपऱ्यांतून चार पट्टे, पुढचे दोन पुढं ताणलेले, मागचे दोन मागं, आणि पट्टा चेसिसला किंवा बाजूच्या चाकांच्या आसाला अडकवलेला. आरशाला नाही, फायबरला नाही, कॅरियरला नाही. पट्टा इतका ओढायचा की स्प्रिंग दबावी, म्हणजे मधल्या चाकावर वजन येतं आणि लॉक केलेला ब्रेक खरंच धरतो. बडनेरा ओलांडलं की थांबून एकदा ताण पाहायचा. रिकाम्या पिकअपचे पाटे कडक असतात, हौदा उडतो. पण माझं सामान आहे ना वजनाला. उलट पिकअप आज भरलेली आहे म्हणूनच गाडी नीट जाईल. आणि ही अडचण काही आपल्याच वाट्याला आलेली नाही. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसननं 1932 मध्ये सर्व्ही-कार नावाची तीनचाकी काढली, ती 1973 पर्यंत बनत होती. तिच्या मूळ गिऱ्हाइकांत मोटार गॅरेजवाले होते. मेकॅनिक दुरुस्त झालेली मोटार चालवत गिऱ्हाइकाच्या घरी नेई, मोटारीच्या मागं ही तीनचाकी दांड्यानं जोडलेली. मोटार पोचवली की दांडा सोडवायचा आणि तीनचाकीवर बसून परत. नव्वद वर्षांपूर्वी लोकांनी हे डोकं चालवलं. आपण बांधावर पिकअप लावू शकत नाही?

पिकअपवाला : बांधाचं बरोबर आहे. पण तुम्हीच सांगितलेल्या गोष्टीत एक बारकी गोष्ट आहे, ती तुमच्या नजरेतून सुटली. तो मेकॅनिक दांडा एकटा जोडत होता आणि एकटा सोडवत होता. चढवायला आणि उतरवायला माणूस एकच. तुमच्या बाबतीत? अमरावतीत माझी माणसं आहेत, बांध आहे, मी आहे. अकोल्यात काय आहे? तुमची भाड्याची खोली कोणत्या तरी गल्लीत. तिथं बांध नाही, ओटा नाही. रात्री पोचलो तर हमालही नाही. सामान मी कसंही उतरवीन, कपाट दोघं उचलू. गाडी उचलायला चार लागतात. चढवताना माणसाला वाटते हेच अवघड काम. खरं तर उतरवणं जास्त वाईट. गाडी पुढच्या तोंडानं चढवली म्हणजे ती मागच्या तोंडानं उतरते. उतारावर वजन सगळं खालच्या टोकाला, पुढचं चाक हलकं, म्हणून पुढचा ब्रेक दाबला तरी चाक नुसतं घसरते. रिव्हर्स तुमच्या गाडीला नाही. उतरवणारा खाली उभा राहून छातीनं गाडी झेलतो. बरं, पावसाळ्यात काळ्या मातीवर फळी टेकवली तर ती गाऱ्यात रुतते, वाकडी होते. मे आहे म्हणून ते नाही, एवढंच. मी जे भाडं घेतो ते चढवून पोचवण्याचं. उतरवण्याचं कोणी बोलतच नाही, आणि नंतर तेच गळ्यात पडते.

शिक्षक : मुद्दा मान्य. पण मग उपाय चढवण्यातच करायचा. अमरावतीत माणसं आहेत ना? मग अमरावतीत गाडी उलटी चढवा, मागची बाजू केबिनकडं. तुम्हाला थोडं जड जाईल, पण बांधावरून जवळपास सपाटच आहे. अकोल्यात ती पुढच्या तोंडानं उतरेल. पुढचं चाक उताराकडं, वजन त्याच्यावर येणार, म्हणजे पुढचा ब्रेकही कामाचा. आणि उतरवायला गल्ली कशाला हवी? शाळेत न्या. शाळेच्या व्हरांड्याला रॅम्प आहे, दिव्यांग मुलांसाठी बांधलेला. व्हरांडा दीड फूट उंच धरा. पिकअपची पाठ व्हरांड्याला लावली की उरला एक फूट. तुमच्या आठ फुटी फळ्यांवर तो आठाला एक पडतो. गाडी व्हरांड्यावर, व्हरांड्यावरून रॅम्पनं खाली. झेलायला कोणी नको. मी स्वतः चालवत उतरेन. ज्या टोकाला माणसं आहेत तिथं अवघड काम आधीच उरकायचं, म्हणजे ज्या टोकाला माणसं नाहीत तिथं सोपं उरतं.

पिकअपवाला : डोकं चांगलं चालवलं. उलटी चढवायची हे मलाही सुचलं नव्हतं, खोटं काहून बोलू. पण दोन प्रश्न. मे महिन्यात शाळेला सुट्टी, फाटकाला कुलूप. किल्ली कोणाजवळ, तो गावात आहे का? दुसरा प्रश्न जास्त वाईट. गाडी हौद्यात आणि तुम्ही केबिनमध्ये. हौद्यात, गाडीच्या सीटवर बसून येतो म्हणाल तर मी पहिल्यांदा नाही म्हणेन. विमा माल घेऊन जाणाऱ्या मालकाला धरतो, पण सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलेलं आहे की तो मालक केबिनमध्ये बसलेला असला पाहिजे. हौद्यात बसलेल्याचं काही झालं तर ते माझ्या घरावर येते. म्हणजे तुम्ही केबिनमध्ये. केबिनची पायरीच तुमच्या मांडीच्या वर येते. तुम्हाला चढवायला दोघं. आणि तिथं शाळेत केबिनमधून खाली, खालून व्हरांड्यावर, व्हरांड्यावरून फळीनं हौद्यात, हौद्यात गाडीवर. हे कसं करणार? मी उचलून ठेवीन, त्यात मला काही वाटत नाही. पण तुम्ही तर म्हणून राहिले की झेलायला कोणी नको.

शिक्षक : केबिनच्या दांड्याला धरून मी हातांच्या जोरावर खाली उतरतो, रोज गाडीवरून उतरतो तसा. रॅम्पवरून आणि फळीवरून हातांवर सरकत जाईन. बदली होऊन आलेले नवे सर शाळेच्या आवारात हातांवर सरकत आहेत, हे कोणी पाहिलं तर पाहू दे. उचलून ठेवला जाणं आणि हातांवर सरकणं यांतलं काय निवडायचं, ते मी ठरवतो. मला एक गोष्ट साफ सांगायची आहे. गाडी माल झाली तर मला वाईट वाटत नाही, ती मालच आहे. मी माल झालो तर वाटतं. तुमच्या प्रत्येक सूचनेत, अगदी चांगल्या मनानं केलेल्या सूचनेतही, शेवटी मी उचलला जातो. आणि काळजी नेहमी सुरक्षिततेच्या नावानं येते. इंग्लंडात सरकार अपंगांना निळ्या रंगाची, एका माणसापुरती तीनचाकी मोटार देत असे, इन्व्हाकार म्हणत तिला. 31 मार्च 2003 पासून ती रस्त्यावर आणायला बंदी झाली, कारण ती सुरक्षित नाही. गाडी खरंच डगमगती होती, ते नाकारत नाही. पण ज्याला फिरता येत होतं त्याला दुसऱ्याच्या सोयीनं फिरायला लावायची सुरुवात बहुधा याच वाक्यानं होते : तुमच्याच भल्यासाठी.

पिकअपवाला : ती गाडी एका माणसापुरती होती, हे तुम्हीच सांगितलं. दुसरं कोणी त्यात नव्हतं. उलटली तर चालवणाराच पडणार. इथं तसं नाही, आणि हीच गोष्ट मी मघापासून सांगायला पाहून राहिलो. फळीखाली उभा राहणारा माणूस तुमचा नाही आणि माझाही नाही. तो चौकातून आणलेला असतो. फळी निसटली तर गाडी त्याच्या पायावर. तुमच्या गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल तर रस्त्यानं, रेल्वेनं, अगदी लिफ्टनं नेतानाचंही नुकसान त्यात येते, पण बाजूच्या चाकांची नोंद आरसीवर आणि पॉलिसीत पाहिजे. त्या माणसाच्या पायाची नोंद कशावर आहे? बाजार समितीत, मालधक्क्यावर नोंदणी झालेल्या हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा आहे. चौकात उभ्या असलेल्याच्या हातात त्यातलं काही पडत नाही. तुम्ही म्हणता मला कोणी उचलू नये. मी म्हणतो तुमच्या गाडीखाली कोणी उभं राहू नये. दोघांचं बोलणं एकच आहे की वेगळं, ते मला समजत नाही. तुमच्या मोकळेपणाची किंमत कोणाच्या पायानं चुकवायची, हेही एकदा मोजा ना.

शिक्षक : हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण मी आत्तापर्यंत तो मोजलाच नव्हता. मी दोनच माणसांचा हिशेब करत होतो, तुमचा आणि माझा. तिसरा आला की बांधावरून चढवणं ही नुसती सोय राहत नाही, ती अटच होते. कारण चढच नसला की गाडीखाली कोणी उभं राहत नाही. म्हणजे माझं मागणं आता असं मांडतो : जिथं जमीन हौद्याच्या उंचीची आहे तिथंच चढवायची, जिथं आहे तिथंच उतरवायची, नसेल तर गाडी हौद्यातच राहील. पण मग प्रश्न तुमच्या-माझ्यात उरत नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे. त्याचं 41 वं कलम सांगतं की सरकारनं दिव्यांगांच्या वैयक्तिक येण्याजाण्यासाठी परवडेल अशा योजना आखाव्यात. सवलती, गाड्यांमध्ये बदल, येण्याजाण्याला मदत. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती होऊन माझ्यासारख्याच्या गाडीला अनुकूलित वाहन म्हणून जागाही मिळाली. म्हणजे कायद्यात मी आहे, माझी गाडी आहे. कायद्यात नाही तो ओटा. इमारतींच्या रॅम्पला बाराला एक असा उतार ठरलेला आहे. तुमच्या अडीच फुटांना तसा रॅम्प करायचा तर तीस फूट लांब होईल. एवढी जागा एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनबाहेर, बाजार समितीत नाही का? तिथं एकदा असा ओटा बांधला तर शेतकऱ्याची मळणीयंत्रं, गॅरेजवाल्याच्या बिघडलेल्या दोनचाक्या आणि माझी गाडी, सगळ्यांचं काम होईल.

पिकअपवाला : ओटा होईल तेव्हा होईल, तुमचं हजर व्हायचं आहे या आठवड्यात. आणि ओटा झाला तरी त्याच्यावर हंगामात हरभऱ्याची, सोयाबीनची पोती राहतील, हे तुम्हालाही माहीत आहे. मी व्यवहाराचं बोलतो. शाळेची किल्ली तुम्ही मागवा. मुख्याध्यापकांशी बोलून दिवस ठरवा. गाडी मी बांधावरून उलटी चढवतो, चार पट्ट्यांनी बांधतो, फाळका बंद करूनच निघतो. चाक बाहेर काढून फाळका उघडा ठेवणार नाही. माल बाहेर आलेला दिसला तर 20,000 रुपये दंडाचं कलम आहे, आणि कलम नसतं तरी मी तसं केलं नसतं. पण माझी एक अट. उतरवताना तुम्ही स्वतः चालवत उतरायचं, नाहीतर गाडी उतरणार नाही. जो माणूस गाडी स्वतः उतरवू शकत नाही, त्याची गाडी मी चढवणार नाही. हा नियम मी आज तुमच्यामुळे केला.

शिक्षक : हा नियम ऐकायला माझ्या बाजूचा वाटतो, आणि आहे माझ्या विरुद्ध. तुम्ही कोणाचा फ्रीज नेता तेव्हा विचारता का, की तुम्ही फ्रीज स्वतः उतरवू शकता का? नाही विचारत. उतरवणं तुमच्या भाड्यात असतं, किंवा तिथं हमाल मिळतो, किंवा दोन शेजारी हात लावतात. मग ज्याच्या पायात जोर नाही त्यालाच तेवढी परीक्षा का? मी आज हातांच्या जोरावर पास होईन. माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, तिच्या हातांतही तेवढा जोर नाही, आणि गाडी ती माझ्याहून चांगली चालवते. तुमच्या नियमानं ती अमरावतीतच राहील. म्हणजे ज्याला मदत सगळ्यात कमी लागते त्यालाच तुम्ही मदत करणार.

पिकअपवाला : फ्रीज उतरला नाही तर माणूस दोन दिवस गार पाणी पीत नाही. तुमची गाडी उतरली नाही तर तुम्ही संडासला जाऊ शकत नाही. म्हणून मी तुम्हाला वेगळं विचारतो. तुम्ही कमी आहात म्हणून नाही. मी निघून गेलो आणि गाडी तिथंच हौद्याच्या उंचीवर अडकलेली राहिली, असं चित्र मला नको. पण त्या मुलीचं तुम्ही सांगितलं, त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. तिच्यासाठी मी चार माणसं नेली, तर त्या चार जणांची परतीची मजुरी तिच्या भाड्यात पडेल. मग ती म्हणेल, पाय नसणं मला तुमच्या भाड्यातही महाग पडते. आणि मी चार माणसं फुकट नेली तर तीन महिन्यांत माझी पिकअप बँक घेऊन जाईल.

शिक्षक : म्हणजे आता वाद इथं येऊन थांबला की ती मजुरी कोणाच्या नावावर लिहायची. तुमच्या नाही, हे मला पटतं. तिच्या नाही, हे तुम्हाला पटतं. चौकातल्या माणसाच्या पायावर तर मुळीच नाही. तरी काम कोणीतरी करणारच, आणि आजवर ते कोणाच्या नावावर न लिहिताच होत आलं आहे; ओळखीनं, दयेनं, नाहीतर झालंच नाही. मला निवड एवढीच मिळते : स्वतःच्या भरवशावरचा धोका घेऊन हमरस्त्यानं जायचं, की दुसऱ्याच्या भरवशावरची सोय घेऊन तुमच्या हौद्यातून.

पिकअपवाला : ती निवड मी लावलेली नाही, सर. माझा हौदा अडीच फूट उंच आहे आणि अकोल्याची जमीन तिथल्या तिथं आहे, या दोघांमधल्या अंतरानं लावलेली आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीनं हौदा पोत्यांचा हिशेब करून केला. शहरानं रस्ता मोटारींचा हिशेब करून केला. ते अडीच फूट कंपनीचे, शहराचे, की माझे, तेवढं मला सांगा. मग भाडं ठरवू.

शिक्षक : तिघांचे थोडे थोडे असतील. किती कोणाचे, ते मला सांगता येत नाही, आणि ते ठरेपर्यंत मी थांबूही शकत नाही. या खेपेला किल्ली मी मागवतो, फळ्या तुम्ही आणा, आणि उतरताना ब्रेकवर हात माझा राहील. पण पावतीवर चढवणे आणि पोचवणे यांच्या खाली उतरवणे असाही रकाना करा. आज तो कोरा ठेवा. पुढच्या गिऱ्हाइकाला तो दिसला, की तो कोणी भरायचा हे तुम्हाला विचारावंच लागेल.

पिकअपवाला : रकाना करतो. पण तो कोरा राहिला आणि गिऱ्हाईक त्या मुलीसारखं असलं, तर मी भाडं घेईन की नाही, हे आज विचारू नका.